घाटांतील जुनी टर्बोगाडी

महाडहून बिरवाडीवरून वरंध घाटाकडे जाणारा रस्ता सोडून शिवथरच्या खोऱ्यांत शिरलें म्हणजे सह्याद्रीचे कडे तिन्ही बाजूंनीं जवळ येऊं लागतात. समर्थ रामदासांचें वास्तव्य आणि दासबोधाची रचना यांच्याशीं जोडलेल्या घळीमुळें हें खोरें महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९३० च्या सुमारास धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं ही घळ पुन्हां उजेडांत आणली आणि तेव्हांपासून यात्रेकरूंचीं पावलें इकडे वळलीं. परंतु घळ पाहून दोन तासांत परतणारा यात्रेकरू आणि कसबे शिवथर, आंबे शिवथर किंवा कुंभे शिवथर येथून महाडास जाणारा गांवकरी यांचा रस्ता एक असला तरी अनुभव एक नव्हे. पहिल्याला तो एकदांच चढावयाचा असतो. दुसऱ्याला वर्षांतून तीनशें वेळां.

या खोऱ्यांत एस. टी. येते. परंतु तिच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळांत कोणाला दवाखान्यांत पोंचावयाचें असतें, कोणाला तहसील कचेरींत, तर कोणाला बिरवाडीच्या कारखान्यांत पाळीवर. ही उणीव जीपगाड्या भरून काढतात, आणि त्या बहुधा नव्या नसतात. शहरांत आठदहा वर्षें राबलेली सुमो, बोलेरो किंवा स्कॉर्पिओ अशा मुलखांत दुसरा जन्म घेते. त्यांपैकीं पुष्कळ गाड्यांच्या इंजिनाला टर्बो, म्हणजेच टर्बोचार्जर, जोडलेला असतो. शहरांतील जाणता गृहस्थ अशी गाडी जुनी घेण्यास कचरतो. जुना टर्बो म्हणजे खर्चाचें घर, तो केव्हां दगा देईल याचा नेम नाहीं, अशी त्याची समजूत असते. ती सर्वस्वीं खोटी नाहीं, पण अपुरी आहे. टर्बो नुसत्या वयानें क्वचित् मरतो. तो बहुधा तेलावांचून मरतो, आणि तेल न पोंचण्याचें कारण यंत्राच्या घडणीपेक्षां तें चालविणाऱ्याच्या घाईंत अधिक वेळां सांपडतें. या यंत्राचा गेल्या सव्वाशें वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे ही गोष्ट ध्यानांत येते.

आल्फ्रेड ब्युची हा स्वित्झर्लंडांतील विंटरथूरचा इंजिनीयर. त्याचा जन्म १८७९ सालचा. इंजिनांत जळलेल्या इंधनाच्या शक्तीचा मोठा भाग, ढोबळ मानानें एक तृतीयांश, धुराबरोबर फुकट जातो. ही उधळपट्टी थांबविण्यासाठीं धुराच्या नळींत एक चक्र बसवावें, धुराच्या झोतानें तें फिरावें, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकाला आणखी एक चक्र असावें आणि त्यानें बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरावी, अशी त्याची कल्पना होती. १९०५ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें. हवा अधिक मिळाली कीं अधिक इंधन पुरतेपणीं जळतें, आणि त्याच आकाराच्या इंजिनांतून अधिक काम निघतें. कल्पना शाळकरी मुलाला समजावी इतकी सोपी. पण ती व्यवहारांत उतरण्यास वीस वर्षें लागलीं. तापलेल्या धुरांत टिकणारी धातु आणि त्या वेगाला पुरणारें बेअरिंग मिळणें त्या काळीं कठीण होतें. १९२५ च्या सुमारास जर्मनींत प्रॉइसेन व हान्झेश्टाट डान्झिग या दोन प्रवासी जहाजांसाठीं ब्युचीच्या पद्धतीचीं डिझेल इंजिनें तयार झालीं, तेव्हां १,७५० अश्वशक्तीचें इंजिन २,५०० अश्वशक्ति देऊं लागलें. जहाजावर इंजिनाची देखभाल करणारीं माणसें रात्रंदिवस हजर असतात, ही गोष्ट येथें विसरूं नये.

मधल्या काळांत याच यंत्राला विमानांत निराळें काम मिळालें होतें. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिन धापा टाकूं लागतें. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं, अमेरिकेंतील सॅनफर्ड मॉस यानें लिबर्टी जातीचें विमानाचें इंजिन मोटार-ट्रकवर लादून १४,००० फुटांहून उंच अशा पाइक्स पीक या पर्वताच्या माथ्यावर नेलें. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ति देणारें तें इंजिन माथ्यावर कशीबशी २३० देत होतें. टर्बो जोडतांच ती ३५६ झाली. डोंगर चढतांना इंजिनाचा गेलेला दम परत मिळवून देणें, हें टर्बोचें काम तेव्हां जगासमोर आलें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेचीं अवजड बाँबफेकी विमानें याच यंत्राच्या बळावर अति उंचावरून जात. तेथेंहि प्रत्येक उड्डाणाआधीं यंत्र तपासणारी पलटण विमानतळावर उभी असे.

जहाज आणि विमान सोडून टर्बो जेव्हां सामान्य गृहस्थाच्या मोटारींत आला, तेव्हां खरी अडचण उभी राहिली. १९६२ सालीं अमेरिकेंत ओल्ड्समोबिल कंपनीनें जेटफायर नांवाची गाडी विक्रीस काढली. सुमारें साडेतीन लिटरचें पेट्रोल इंजिन, त्याला टर्बो, आणि शक्ति २१५ अश्वांची. दाबलेली हवा तापते आणि पेट्रोल अवेळीं पेटून ठोके देऊं लागतें. तें टाळण्यासाठीं या इंजिनांत पाणी व मिथिल अल्कोहोल यांचें मिश्रण थोडें थोडें सोडण्याची योजना होती. त्यासाठीं गाडींत वेगळी टांकी होती आणि ती मालकानें वेळोवेळीं भरावी अशी अपेक्षा होती. ती रिकामी झाली तर हवेचा दाब आपोआप कमी होऊन इंजिन वांचावें, अशी सोयहि केलेली होती. यंत्रकारानें बहुतेक सर्व गोष्टींचा विचार केला होता. मनुष्यस्वभावाचा तेवढा केला नव्हता. पुष्कळ मालकांनीं ती टांकी भरलीच नाहीं. गाडी मंद झाली, तक्रारी वाढल्या, आणि १९६५ सालीं कंपनीनेंच टर्बो काढून त्या जागीं साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तजवीज केली. जें यंत्र जहाजावर वर्षानुवर्षें नेमानें चाललें, तें अंगणांतल्या मोटारींत दोनतीन वर्षेंहि धड नांदलें नाहीं. दोष सर्वस्वीं मालकाचा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल, कारण दुकानांत गाडी विकत घेणाऱ्याला आपण जहाजावरील मिस्त्रीची जबाबदारी पत्करतों आहों हें कोणीं नीट सांगितलेलें नसतें.

पुढें यंत्रकार शहाणे झाले. १९७७ सालीं स्वीडनच्या साब कंपनीनें दाखविलेल्या ९९ टर्बो या गाडींत जादा धूर बाजूला सोडून हवेचा दाब मर्यादेंत ठेवणारी झडप होती, आणि मालकानें वेगळें कांहीं भरावयाचें नव्हतें. १९७८ सालीं मर्सिडीज-बेंझनें ३०० एस-डी ही टर्बो-डिझेल मोटार काढली. टर्बोचें खरें सासर डिझेल इंजिनच होय. डिझेलमध्यें ठोक्यांची ती भीति नाहीं, आणि धूरहि पेट्रोलच्या मानानें थंड असतो.

महाराष्ट्रांत हा पाहुणा उशिरां आला. १९९१ सालीं टाटांच्या पुण्याजवळील कारखान्यांतून सिएरा निघाली आणि १९९४ सालीं सुमो. सुमो हें नांव त्या कारखान्याचे थोर सूत्रधार सुमंत मुळगांवकर यांच्या नांव-आडनांवांतील पहिल्या अक्षरांवरून ठेवलेलें. तिच्या पहिल्या इंजिनाला टर्बो नव्हता. तो पुढील रूपांत आला. १९९८ सालची सफारी मात्र टर्बो घेऊनच आली. २००० सालीं नाशिकची बोलेरो आणि २००२ सालीं स्कॉर्पिओ. या दुसरीच्या २.६ लिटर टर्बो-डिझेलला १०९ अश्वशक्ति होती, आणि त्या वेळीं ही गोष्ट खेड्यापाड्यांतून कौतुकानें बोलली जाई. याच सुमारास धुरावरील सरकारी निर्बंध कडक होत गेले. साध्या डिझेल इंजिनाला ते पाळणें अवघड पडूं लागलें, आणि टर्बो ही हौस न राहतां गरज झाली. आजच्या जुन्या गाड्यांच्या बाजारांत टर्बो इतके दिसतात त्याचें कारण हें.

आतां घाटाकडे वळूं. पोलादपूर हें समुद्रसपाटीपासून फारसें उंच नाहीं. तेथून आंबेनळी घाटानें सुमारें ४० किलोमीटर गेलें कीं महाबळेश्वर, उंची सुमारें १,३५० मीटर. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब जवळ जवळ एक सप्तमांशानें कमी होतो. साधें डिझेल इंजिन तेथें काळा धूर ओकूं लागतें, कारण इंधन तेवढेंच आणि हवा कमी. टर्बो ही तूट भरून काढतो. पाइक्स पीकचा प्रयोग या घाटांत रोज लहान प्रमाणावर होत असतो असें म्हटलें तरी चालेल. शिवथरच्या खोऱ्यांत मात्र हवा विरळ नाहीं. तेथें टर्बोचें काम निराळें आहे: दहा-बारा माणसें, टपावर पोतीं, आणि पावसानें उखडलेली चढण. तेथें उंची नव्हे, तर ओझें हा शत्रु. टर्बोला काम करण्यास धुराचा झोत लागतो आणि झोतासाठीं इंजिनाचा वेग. वळणावर तिसऱ्या गिअरमध्यें रेंगाळणाऱ्या गाडीचा टर्बो निजलेला असतो. चालक पाय दाबतो, इंधन जातें, हवा येत नाहीं, आणि मागून येणाऱ्याच्या तोंडावर काळा ढग सुटतो. "गाडीला पिकअप नाहीं" ही तक्रार पुष्कळ वेळां टर्बोची नसून गिअरची असते. वळणापूर्वींच दुसरा गिअर घालणाऱ्या चालकाची वीस वर्षांची गाडीहि शीळ घालीत चढते.

तेलाची गोष्ट अशी. टर्बोचा दांडा बोटाएवढा, पण मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. एका टोंकाला सहाशें-सातशें अंश सेंटिग्रेड तापलेला धूर, दुसऱ्या टोंकाला बाहेरची हवा, आणि मध्यें दांडा धातूवर टेकलेला नसून तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगत असतो. हा पडदा केंसाहून पातळ आहे. तो फाटला कीं धातूला धातु लागते आणि कांहीं सेकंदांत सारें संपतें. तेल इंजिनाच्या पंपानें येतें. इंजिन बंद होतांच तें थांबतें. म्हणून दोन क्षण धोक्याचे. पहिला सकाळीं, रात्रभर उभ्या गाडीला किल्ली लावतांच पाय दाबण्याचा, जेव्हां तेल अजून टर्बोपर्यंत चढलेलें नसतें. दुसरा, चढण संपवून लगेच इंजिन बंद करण्याचा. तेव्हां दांडा अद्याप फिरत असतो, घर तापलेलें असतें, आणि जागच्या जागीं अडकलेलें तेल करपून कोळशासारखा थर धरतें. हा थर एका दिवसांत यंत्र मारीत नाहीं. तो तेलाची बारीक नळी महिनोन् महिने आंवळीत जातो, आणि मग एके दिवशीं टर्बो "अचानक" गेला असें मालक सांगतो.

उपाय एका मिनिटाचा आहे. सकाळीं अर्धें मिनिट इंजिन सावकाश चालूं द्यावें. चढणीनंतर बंद करण्यापूर्वीं एक मिनिट तसेंच राहूं द्यावें. घाट उतरून आल्यावर इतकें थांबण्याचीहि गरज नसते, कारण उतारावर टर्बो आपोआप निवतो. नियम पाठ करण्यापेक्षां हें कारण समजणें महत्त्वाचें, कारण घाई नेमकी उलट जागीं होते. महाबळेश्वरच्या माथ्यावर पोंचतांच प्रवाशांना देखावा पहावयाचा असतो आणि किल्ली त्याच क्षणीं फिरते. याच्या उलट खोऱ्यांतील भाड्याच्या जीपची रीत पहावी. ती थांबते, माणसें एकेक उतरतात, टपावरचीं पोतीं खालीं येतात, सुट्या पैशांची घासाघीस होते, आणि तोंपर्यंत इंजिन चालूंच असतें. ज्या मिनिटासाठीं कारखान्याच्या पुस्तकांत वेगळें कलम घालावें लागतें, तें मिनिट येथें ओझें उतरविण्यांतच निघून जातें. सहल काढून येणाऱ्या मोटारीपेक्षां रोज राबणाऱ्या जीपचा टर्बो कधीं कधीं अधिक टिकतो, याचें एक कारण हें असावें.

याखेरीज तेल वेळेवर बदलणें आलेंच. जुन्या गाडीच्या मालकाला तेलाचा डबा महाग वाटतो आणि तो आणखी एक महिना ढकलतो. काळें, घट्ट झालेलें तेल जाड बेअरिंगला एक वेळ चालेल. टर्बोच्या नळीला चालत नाहीं. उन्हाळ्यांत घाटाची तांबडी धूळ हवेच्या फिल्टरवर बसते; फिल्टर फाटका असेल तर ती धूळ सरळ त्या वेगानें फिरणाऱ्या पात्यांवर आदळते आणि पात्यांच्या धारा झिजतात. रबरी नळी सैल झाली तर दाबलेली हवा वाटेंतच सुटते. अशा वेळीं चांगला मिस्त्री प्रथम नळ्या चाचपतो आणि धुराचा रंग पाहतो. काळा धूर म्हणजे हवेची उणीव. निळा धूर म्हणजे तेल जळतें आहे. वाईट मिस्त्री प्रथम टर्बो बदलतो. नळींतील करपलेला थर तसाच ठेवून बसविलेला नवा टर्बो त्याच तहानेनें पुन्हां मरतो, आणि मालकाचा या यंत्रावरचा विश्वास दुसऱ्यांदां उडतो.

निळ्या धुराकडे केलेलें दुर्लक्ष केवळ खर्चाचें नाहीं, जिवाचेंहि असूं शकतें. टर्बोची सील पुरती गेली तर इंजिनाचें तेल हवेच्या वाटेनें सिलिंडरांत शिरतें, आणि डिझेल इंजिन तें इंधन म्हणून जाळूं लागतें. मग किल्ली बंद केली तरी इंजिन थांबत नाहीं. उलट त्याचा वेग वाढतच जातो. अशा वेळीं वरचा गिअर घालून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडावा आणि इंजिन गुदमरवून बंद पाडावें. भरलेल्या जीपमध्यें, एका बाजूला दरी असतां, ही गोष्ट प्रथमच सुचण्याची वेळ येऊं नये.

या मुलखांत तेलाइतकाच पाण्याचा धाक. २०२१ च्या जुलै महिन्यांत, २२ तारखेच्या सुमारास, महाबळेश्वरास चोवीस तासांत सुमारें ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तेंच पाणी सावित्रीनें पोलादपुरावरून महाडांत आणलें, आणि शहर बुडालें. त्याच दिवशीं महाड तालुक्यांतील तळिये येथें कडा कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. अशा दुःखापुढें गाड्यांची गोष्ट काढणें खुजें वाटेल. पण पूर ओसरल्यावर औषध, धान्य आणि माणसें न्यावयास ज्या गाड्या हव्या होत्या, त्यांतल्याच कित्येक चिखलांत बुडालेल्या होत्या. बुडालेल्या टर्बोगाडीला किल्ली लावून पाहण्याचा मोह हा तिचा खरा काळ. सिलिंडरांत गेलेलें पाणी दाबलें जात नाहीं, आणि कनेक्टिंग रॉड वांकतो. तेल दुधासारखें पांढरट झालेलें असतें. त्यांतला गाळ टर्बोच्या बेअरिंगला कानशीसारखा घासतो. आणि सर्वांत फसवी जागा म्हणजे दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर. इंजिन कोरडें केलें, तेल दोनदां बदललें, तरी इंटरकूलरच्या पोटांत पाणी दडून राहतें, आणि पहिल्याच चढणीवर इंजिन तें एकदम ओढून घेतें. नळ्या सोडवून, इंटरकूलर उतरवून, पालथा करून वाळवावा लागतो. ज्यांनीं चार दिवस धीर धरला त्यांचीं इंजिनें वांचण्याचा संभव राहतो. पण पुरानंतरच्या पहिल्या चार दिवसांतच गाडीची निकड सर्वांत अधिक असते.

कायद्याची बाजूहि थोडक्यांत पहावी. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढें दर पांच वर्षांनीं ती नव्यानें करून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून या पुनर्नोंदणीचा आकार ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यांत आला. भाड्याच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षीं योग्यतेचा दाखला काढावा लागतो. धुरानें सर्वांचेंच आयुष्य कमी होतें, तेव्हां जुन्या गाड्यांवर अंकुश हवा याविषयीं दुमत नसावें. मात्र वर्षें मोजणें सोपें आणि निगा मोजणें कठीण. निगा राखलेली वीस वर्षांची गाडी आणि टर्बोची शीळ बंद होऊन वर्ष झालेली बारा वर्षांची गाडी यांत अधिक धूर कोणती सोडते, हें घाटांत पांच मिनिटें उभें राहिलें तरी कळतें. २०२० पासून मिळणाऱ्या डिझेलमध्यें गंधकाचें प्रमाण दहा लाखांत १० भाग इतकें उतरलें आहे. पूर्वींच्या ३५० किंवा ५०० भागांच्या मानानें हा मोठा फरक. त्यामुळें तेलांत आम्ल कमी सांठतें, आणि जुन्या इंजिनालाहि नकळत त्याचा लाभ होतो.

सुट्या भागांचा प्रश्न याहून बिकट होत जाणार. सुमोचें उत्पादन २०१९ सालीं थांबलें. झिजलेल्या टर्बोचा मधला गाभा तेवढा बदलून बाहेरचें घर तेंच ठेवण्याची सोय आज शहरांतील कारागिरांकडे आहे. नव्या टर्बोच्या मानानें तो खर्च पुष्कळ कमी. परंतु गाभा उतरवून पुण्यास किंवा मुंबईस पाठवावयाचा आणि परत येईपर्यंत गाडी उभी ठेवावयाची, म्हणजे तेवढे दिवस खोऱ्यांतील एक फेरी बंद. म्हणून शहाणा जीपवाला पावसाळा लागण्यापूर्वीं, मे महिन्यांतच, तेलाची नळी सोडवून पाहतो, दांडा बोटानें हलवून त्याची ढिलाई अजमावतो, आणि जें काढावयाचें तें रस्ते कोरडे असतांच काढून पाठवितो.